पाठांतराला चित्रांची जोड

मराठी शाळेत पाठांतराची परंपरा फार जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत मुले साध्या पाढ्यांवर न थांबता पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढेही एका सुरात म्हणत. बाजारहाट, सावकारी आणि शेतसारा यांच्या हिशेबात त्यांचा रोज उपयोग होई. त्यामुळे एकदा पाठ झालेले सहसा विसरले जात नसे. आजच्या विद्यार्थ्यापुढील परिस्थिती वेगळी आहे. इतिहासातील सनावळ्या, मूलद्रव्यांच्या संज्ञा, भूगोलातील नावे, इंग्रजीतील शेकडो शब्द अशा असंख्य गोष्टी त्याला लक्षात ठेवाव्या लागतात आणि त्यांतील पुष्कळांचा त्याच्या रोजच्या व्यवहाराशी संबंध येत नाही. ज्याच्या घरी अभ्यासात मदत करणारे कोणी नाही असे मूल तेच वाक्य वीस वेळा घोकते, परीक्षेच्या वेळी नेमके तेच आठवत नाही, आणि अखेर आपले डोकेच चालत नाही असा ग्रह करून घेते. हा ग्रह एकदा मनात बसला म्हणजे मूल वर्गात बसूनही वर्गाबाहेर पडल्यासारखे होते.

वस्तुतः अशा वेळी दोष बहुधा डोक्याचा नसून पद्धतीचा असतो. घोकण्यावाचून लक्षात ठेवण्याचा दुसरा मार्ग त्या मुलाला कोणी दाखविलेलाच नसतो. मनात चित्र उभे करून आणि ते ओळखीच्या जागी ठेवून स्मरण करण्याची रीत दोन हजारांहून अधिक वर्षे माणसाला ठाऊक आहे. तिला पैसा लागत नाही, साधने लागत नाहीत आणि विशेष बुद्धीही लागत नाही. मात्र ती केव्हा वापरावी आणि केव्हा वापरू नये, हे शिक्षकाने व पालकाने नीट समजून घेतले पाहिजे.

एक जुनी विद्या

या विद्येचा उगम सांगणारी एक आख्यायिका रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ५५ मध्ये लिहिलेल्या वक्तृत्वविषयक ग्रंथात नमूद केली आहे. थेसली प्रांतातील स्कोपास नावाच्या श्रीमंत गृहस्थाच्या मेजवानीला ग्रीक कवी सायमोनिडीस गेला होता. काही कारणाने तो बाहेर आला आणि तेवढ्यात दिवाणखान्याचे छत कोसळून आतील सर्व मंडळी दगावली. प्रेते ओळखण्यापलीकडे गेली होती. परंतु कोण कोणत्या जागी बसला होता याचे चित्र सायमोनिडीसच्या डोळ्यांपुढे उभे असल्याने त्याला प्रत्येकाची ओळख पटविता आली. यावरून क्रमाने लावलेल्या जागा हा स्मरणाचा उत्तम आधार आहे, असे त्याच्या ध्यानात आले. पुढे ग्रीक व रोमन वक्ते आपल्या भाषणातील मुद्दे एखाद्या वाड्याच्या निरनिराळ्या दालनांत चित्ररूपाने मांडून ठेवीत आणि बोलताना मनाने त्या वाड्यातून फिरत.

भारतात स्मरणाची परंपरा प्रामुख्याने ध्वनीच्या आश्रयाने वाढली. वेदपठणातील पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ आणि घनपाठ या पद्धतींत शब्दांची निरनिराळ्या क्रमांनी पुनरावृत्ती केली जाते, त्यामुळे एखादाही स्वर वा वर्ण चुकला तर तो तत्काळ उघडकीस येतो. परंतु चित्राचा आधारही आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हता. ज्योतिष व गणित यांच्या ग्रंथांतील भूतसंख्येची पद्धत हे त्याचे उत्तम उदाहरण होय. या पद्धतीत चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, अग्नी म्हणजे तीन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पाच, ऋतू म्हणजे सहा, ऋषी म्हणजे सात आणि वसू म्हणजे आठ, असे ओळखीच्या वस्तूंनी अंक सुचविले जात. भास्कराचार्यांनी आपला जन्मशक १०३६, म्हणजे इसवी सन १११४, याच रीतीने श्लोकात गुंफून ठेवला आहे. कोरडा आकडा विसरतो. चंद्र, अग्नी व बाण विसरत नाहीत, हे तत्त्व त्यामागे आहे.

एकाच वेळी अनेक गोष्टींकडे अवधान ठेवून त्या अचूक परत सांगण्याची अष्टावधान व शतावधान ही कलाही आपल्याकडे प्रसिद्ध आहे. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ मध्ये मुंबईत शतावधानाचे जाहीर प्रयोग केले, त्या वेळी त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. १८९१ मध्ये इंग्लंडहून परतलेल्या गांधीजींनी त्यांच्यापुढे आपल्याला येत असलेल्या युरोपीय भाषांतील शब्द एकामागून एक उच्चारले आणि राजचंद्रांनी ते त्याच क्रमाने परत सांगितले. ही हकीगत आत्मकथेत सांगताना गांधीजींनी एक गोष्ट आवर्जून नोंदविली आहे. या शक्तीचा त्यांना हेवा वाटला, पण तिची मोहिनी त्यांच्यावर पडली नाही. मोहिनी पडली ती राजचंद्रांच्या शास्त्रज्ञानाची, शुद्ध चारित्र्याची आणि आत्मदर्शनाच्या तळमळीची. स्वतः राजचंद्रांनीही पुढे असे जाहीर प्रयोग सोडून दिले. मुलांना स्मरणाच्या युक्त्या शिकविणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

चित्र लक्षात का राहते

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अर्थहीन अक्षरसमूह स्वतः पाठ करून ते किती वेगाने विसरतात याचे मोजमाप केले. पाठ केल्यानंतर पहिल्या तासाभरातच विसरण्याचा वेग सर्वांत अधिक असतो आणि पुढे तो मंदावत जातो, असे त्यास आढळले. ज्याला अर्थ नाही आणि ज्याचा आधीच्या ज्ञानाशी संबंध नाही, ते मनाच्या पाटीवरून लवकर पुसले जाते. घोकंपट्टीने मुलाच्या पदरी निराशा का येते, याचे उत्तर यात सापडते.

याउलट, ज्या गोष्टीचे शब्द आणि चित्र अशा दोन्ही रूपांत ग्रहण होते, तिच्याकडे परत जाण्यास मनाला दोन वाटा मिळतात. एक बंद झाली तरी दुसरी खुली राहते. ॲलन पैव्हिओ या कॅनडातील मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये हा विचार सविस्तर मांडला. त्यात जागेची भर पडली म्हणजे क्रमही आपोआप सांभाळला जातो. आपल्या घरात खिडकी कोठे आणि मोरी कोठे हे कोणाही मुलाला पाठ करावे लागत नाही. ही आयती मिळालेली चौकट नव्या माहितीसाठी वापरणे, एवढेच या पद्धतीचे रहस्य आहे.

स्मरणाचे विक्रम करणारी माणसे जन्मतःच निराळी असतात, ही समजूतही संशोधनाने मागे पडली आहे. लंडनमधील एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असामान्य स्मरणशक्ती दाखविणाऱ्या १० व्यक्तींची तपासणी केली. त्यांची बुद्धिमत्ता असामान्य नव्हती आणि मेंदूची रचनाही इतरांहून वेगळी आढळली नाही. त्यांच्यापैकी ९ जण जागा व चित्रे यांची जुनीच पद्धत वापरीत होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सर्वसामान्य प्रौढांना सहा आठवडे, दररोज अर्धा तास, ही पद्धत शिकविण्यात आली. ७२ शब्दांच्या यादीतील जितके शब्द त्यांना पूर्वी आठवत, त्याहून सरासरी सुमारे ३५ शब्द अधिक आठवू लागले. ज्यांना काहीही शिकविले नव्हते त्यांच्यात ही वाढ सुमारे ७ शब्दांची होती. चार महिन्यांनंतरही या शिक्षणाचा बराचसा लाभ टिकून राहिल्याचे दिसले. हे निष्कर्ष प्रौढांविषयीचे आहेत. मुलांच्या बाबतीत आणखी काही गोष्टींचा विचार करावा लागतो.

वय आणि पद्धत

लहान मूल स्मरणाची युक्ती आपण होऊन वापरीत नाही. जॉन फ्लॅव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६६ व १९६७ मध्ये केलेल्या प्रयोगांत पाच-सहा वर्षांची बहुतेक मुले चित्रांची नावे मनात उजळीत नाहीत, असे आढळले. तसे करण्यास सांगताच त्यांची कामगिरी सुधारली. परंतु ‘आता तुमच्या मनाप्रमाणे करा’ असे म्हणताच पुष्कळांनी ती युक्ती सोडून दिली. म्हणजे युक्ती येत नव्हती असे नव्हे. ती उपयोगी आहे हे त्यांना उमगले नव्हते. १९७६ मध्ये केनेडी आणि मिलर यांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. युक्तीमुळे तुला अधिक आठवले, हे ज्या मुलांना स्पष्टपणे दाखवून दिले, त्यांनी ती पुढेही चालू ठेवली. शिक्षकाच्या दृष्टीने हा धडा मोलाचा आहे. पद्धत शिकविण्यापूर्वी आणि नंतर एकच छोटी चाचणी घेऊन दोन्ही आकडे मुलाच्या हाती द्यावेत. मुलाची खात्री उपदेशाने पटत नाही, ती स्वतःच्या अनुभवाने पटते.

दुसरी गोष्ट चित्राच्या स्वरूपाविषयीची आहे. प्रेस्ली व लेव्हिन या संशोधकांच्या १९७८ मधील प्रयोगांनुसार सहाव्या इयत्तेतील मुले केवळ शब्द ऐकून मनात चित्र रचू शकली, परंतु दुसरीतील मुलांना प्रत्यक्ष चित्रांचा आधार द्यावा लागला. म्हणून पहिली-दुसरीच्या वर्गात ‘डोळे मिटा आणि कल्पना करा’ एवढे सांगणे पुरेसे होत नाही. फळ्यावर खडूने काढलेले ओबडधोबड चित्रही तेथे कामी येते.

अक्षरओळखीच्या संदर्भात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. आपल्या तक्त्यांवर ‘क’ च्या शेजारी कमळ आणि ‘ग’ च्या शेजारी गणपती असतो. चित्र आणि अक्षर शेजारी असले तरी त्यांच्या आकारांत नाते नसते. मूल गणपती ओळखते आणि अक्षर तसेच राहून जाते. लिनिया एरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये इंग्रजी अक्षरांबाबत असे दाखविले की, अक्षराच्या आकारातच चित्र गुंफले असता मुले अक्षराचा ध्वनी अधिक चांगला शिकतात. वेगळे ठेवलेले चित्र तितके उपयोगी पडत नाही. मराठीतही असे करता येण्याजोगे आहे. ‘ग’ या अक्षरातील डावीकडचा आकडा म्हणजे मासे धरण्याचा गळ आणि शेजारची उभी रेघ म्हणजे काठी, असे एकदा फळ्यावर काढून दाखविले, तर कोळीवाड्यातील किंवा नदीकाठच्या मुलाला ते अक्षर पुन्हा सांगावे लागणार नाही. प्रत्येक गावच्या शिक्षकाने आपल्या परिसरातील वस्तूंमधून असे आकार शोधून काढावेत.

वर्गात कसे शिकवावे

साधारणतः चौथी-पाचवीपासून जागांची पद्धत पूर्ण स्वरूपात शिकविता येते. प्रारंभी प्रत्येक मुलाने आपल्या घरातील आठ जागा ठरवाव्यात. घर दोन खोल्यांचे असले तरी चालते. दार, चपलांचा कोपरा, खाट, खिडकी, फडताळ, पाण्याचे पिंप, ओटा आणि मोरी, अशा चालत गेल्यास ओळीने लागणाऱ्या जागा घ्याव्यात आणि त्यांचा क्रम कधीही बदलू नये. दोन दिवस मुलांनी केवळ या जागांवरून मनाने उलटसुलट फिरावे.

त्यानंतर सूर्यमालेतील आठ ग्रहांचा क्रम घेता येईल. घराच्या दारातच बुधवारचा आठवडेबाजार भरला आहे आणि आत पाऊल टाकायला जागा नाही, हा बुध. चपलांच्या ढिगात पहाटेची लखलखीत चांदणी अडकली आहे, हा शुक्र. खाटेवर पृथ्वीचा गोल पांघरूण घेऊन निजला आहे. खिडकीतून तांबडी माती भसाभस आत पडते आहे. हा मंगळ, कारण त्याची माती लोहाच्या संयुगांमुळे तांबडी आहे. फडताळावर अगडबंब गुरुजी बसले आहेत आणि फळ्या करकरत आहेत. गुरू हा सर्वांत मोठा ग्रह. पाण्याच्या पिंपाभोवती रुंद कडी गरगर फिरत आहेत, हा शनी. ओट्यावर हिरवट कलिंगड आडवे लोळत चालले आहे, घरची मंडळी त्यावर तुटून पडली आहेत आणि एक फोडही उरेना. ‘उरेना’ वरून युरेनस, जो खरोखरच आपल्या कक्षेत आडवा कलंडलेला आहे. शेवटी मोरीत निळा समुद्र उसळला असून त्याच्या लाटांनी भिंतीचा चुना निघतो आहे. ‘चुना’ वरून नेपच्यून, जो दिसायला निळसर असून ज्याचे नाव रोमन समुद्रदेवावरून पडले आहे.

ही चित्रे केवळ गंमत म्हणून रचलेली नाहीत. त्यांतील बहुतेक चित्रांत त्या ग्रहाविषयीची एखादी खरी माहितीही दडलेली आहे. चांगल्या स्मरणचित्राची हीच कसोटी होय. ते नाव तर आठवून देतेच, पण शक्य तेथे अर्थही सोबत आणते. घोकलेल्या यादीत चौथा ग्रह सांगायला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. येथे मात्र ‘खिडकीत काय आहे?’ एवढे विचारले की पुरे. शिवाय मोरीपासून दाराकडे येत गेल्यास उलटा क्रमही सांगता येतो.

शिक्षकाने नमुन्याचे एक उदाहरण द्यावे. त्यापुढील चित्रे मात्र मुलांनी स्वतः रचावीत. एकाला जे हसू आणते ते दुसऱ्याला आणीलच असे नाही आणि स्वतः रचलेले चित्र अधिक काळ टिकते. रचताना बोलून दाखवावे, शेजाऱ्याला सांगावे, वहीत रेखाटावे. भीतिदायक किंवा कोणाच्या जातीची, व्यंगाची चेष्टा करणारी चित्रे येऊ लागल्यास शिक्षकाने ती तेथेच थांबवावीत.

शब्द आणि सनावळ्या

परक्या भाषेतील शब्दांसाठी याच पद्धतीचा निराळा प्रकार आहे. नव्या शब्दाशी ध्वनीने जुळणारा आपला शब्द शोधावयाचा आणि दोहोंचे मिळून एक चित्र करावयाचे. ‘पिलो’ म्हणजे उशी. उशीवर मांजराचे पिलू निजले आहे. ‘गोट’ म्हणजे शेळी. शेळी गोठ्यात बांधली आहे. ‘लॅडर’ म्हणजे शिडी. शिडीच्या प्रत्येक पायरीवर लाडू ठेवला आहे. अमेरिकेत ॲटकिन्सन व रॉ यांनी १९७५ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना १२० रशियन शब्द तीन दिवसांत शिकविले. अशी जोड वापरणाऱ्यांना अखेरच्या चाचणीत ७२ टक्के शब्दांचे अर्थ आले, तर आपापल्या रीतीने शिकणाऱ्यांना ४६ टक्के. मात्र मराठी शब्द हा केवळ खुंटीसारखा असतो. मूळ शब्दाचा उच्चार शिक्षकाने वेगळा करून घेतला नाही, तर ‘पिलो’ चे ‘पिलू’ होऊन बसण्याचा धोका आहे.

सनावळ्यांसाठी भूतसंख्येचा जुना वारसा आजही उपयोगी पडतो. शिवराज्याभिषेकाचे वर्ष १६७४. शतक कोणते हे प्रसंगावरून कळते, घोटाळा होतो तो शेवटच्या दोन अंकांचा. रायगडावर सिंहासनाभोवती सात ऋषी बसून चार वेदांचे पठण करीत आहेत, असे चित्र मुलाने डोळ्यांपुढे आणले की ७ आणि ४ पक्के होतात. राज्याभिषेक वैदिक विधींनी झाला हा इतिहासही त्यातच आला. जुन्या ग्रंथांत या पद्धतीने सुचविलेले अंक उजवीकडून डावीकडे मांडीत. मुलांना मात्र ते वाचण्याच्याच क्रमाने द्यावेत.

जेथे विषयालाच स्वतःचे चित्र आहे तेथे कृत्रिम चित्रांची गरज नाही. कोकण विभागातील जिल्हे लक्षात ठेवायचे असतील तर घरातल्या जागा शोधण्याऐवजी नकाशावर बोट ठेवून पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरत यावे. हृदयातील रक्ताभिसरण, नदीचे खोरे, पावसाचे चक्र यांनाही हेच लागू आहे. आकृती हीच तेथे खरी स्मरणयुक्ती होय.

मर्यादा ओळखणे आवश्यक

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी शेरेशेव्स्की नावाच्या असामान्य स्मरणशक्तीच्या माणसाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्याच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. हा माणूस मनातल्या मनात ओळखीच्या रस्त्यावरून जात प्रत्येक शब्दाचे चित्र कडेला ठेवीत असे. एकदा यादीतील एक शब्द त्याच्याकडून गळला. तो शब्द होता ‘अंडे’. ते त्याने पांढऱ्या भिंतीपाशी ठेवले होते आणि परत जाताना त्याला ते दिसलेच नाही. यावरून चित्र ठळक आणि उजेडात असावे, हा व्यावहारिक धडा मिळतो. परंतु त्याहून महत्त्वाचा धडा दुसराच आहे. साधा उतारा वाचताना प्रत्येक शब्दागणिक चित्रे उसळून येत आणि त्या गर्दीत वाक्याचा आशय समजून घेणे त्याला अवघड जाई. स्मरणाच्या एवढ्या मोठ्या भांडाराने त्याला समज दिली नाही.

म्हणून स्मरणचित्रे कोठे वापरावीत याची सीमा आखून घेतली पाहिजे. ज्यांत तर्काने पोहोचता येत नाही अशा गोष्टी, म्हणजे नावे, क्रम, सनावळ्या, संज्ञा आणि परके शब्द, हे त्यांचे क्षेत्र आहे. भागाकार का करावयाचा, बी का रुजते, १८५७ चा उठाव का झाला, हे समजून घेण्याचे विषय आहेत. तेथे चित्रांची साखळी समजुतीची जागा घेऊ शकत नाही. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये आणि त्यानंतर राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ मध्ये घोकंपट्टीच्या ओझ्यातून शिक्षण मुक्त करण्यावर भर दिला. घोकंपट्टी काढून तिच्या जागी रंगीत घोकंपट्टी बसविणे हा त्याचा अर्थ नव्हे.

दुसरी मर्यादा टिकाऊपणाची. अभ्यासाच्या दहा पद्धतींवरील संशोधनाचा आढावा डनलॉस्की व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतला. त्यात ध्वनिसाम्याच्या चित्रांना आणि मजकुराची चित्रे कल्पिण्याला एकंदर उपयुक्ततेत खालचे स्थान मिळाले, कारण त्यांचे क्षेत्र मर्यादित आहे आणि त्यांचा लाभ दीर्घकाळ टिकेलच याची शाश्वती नाही. सर्वांत वरचे स्थान मिळाले ते दोन साध्या सवयींना. स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास काही दिवसांच्या अंतराने विभागून करणे. रॉडिगर व कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा वाचून तो आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर त्यातील ५६ टक्के भाग आठवला. तोच उतारा दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. यास्तव, चित्र रचले म्हणजे काम झाले असे मानू नये. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुस्तक मिटून त्या जागांवरून पुन्हा फिरून यावे. दक्षिण आफ्रिकेत असताना गांधीजी दात घासण्याच्या वेळात समोरच्या भिंतीवर गीतेतील श्लोकांच्या चिठ्ठ्या लावून ते पाठ करीत आणि अशा रीतीने त्यांनी तेरा अध्याय पाठ केले. ठरलेली जागा, रोजची थोडी वेळ आणि मागील पाठाची उजळणी, एवढ्यावर हे काम झाले.

तिसरी मर्यादा माणसामाणसांतील फरकाची. काही व्यक्तींच्या मनात चित्र मुळीच उमटत नाही, याकडे ॲडम झेमन यांनी २०१५ मध्ये शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. वर्गात असे एखादे मूल असू शकते. ‘डोळ्यांपुढे काहीच येत नाही’ असे ते सांगत असेल तर तो हट्ट वा आळस समजू नये. त्याला वहीत चित्र काढू द्यावे, गोष्ट रचू द्यावी किंवा चाल लावून म्हणू द्यावे. दृष्टिहीन मुलांसाठी स्पर्श, वास आणि आवाज यांनी ओळखल्या जाणाऱ्या जागा घ्याव्यात. घरातील वाट त्यांनाही पुरती पाठ असते.

जाहिराती आणि वास्तव

अलीकडे स्मरणशक्ती वाढविण्याचे वर्ग ठिकठिकाणी निघाले आहेत. व्यासपीठावर एखादे मूल शंभर आकडे म्हणून दाखविते आणि पालक भारावून जातात. त्या मुलाने एक कौशल्य कमावलेले असते, हे खरे. परंतु आकड्यांची यादी लक्षात ठेवण्याच्या सरावाने गणित समजू लागत नाही किंवा निबंध लिहिता येत नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येईल, मेंदूचा सुप्त भाग जागा होईल, अशा दाव्यांना तर शास्त्रीय आधारच नाही. पोटाला चिमटा काढून साठविलेले पैसे अशा ठिकाणी भरण्यापूर्वी पालकांनी हे ध्यानात घ्यावे की, या विद्येतील जे खरे आहे ते गावच्या शाळेत, आठवड्यातून दोन तासिकांत आणि विनामूल्य शिकविता येते.

शाळेने त्यासाठी फार मोठी योजना आखण्याची आवश्यकता नाही. पहिल्या आठवड्यात जागा ठरविणे, दुसऱ्यात एक क्रमवार यादी, तिसऱ्यात इंग्रजी शब्द, चौथ्यात सनावळ्या आणि प्रत्येक तासाच्या आरंभी मागील चित्रांची पुस्तक मिटून उजळणी, एवढा क्रम पुरेसा आहे. कोणाला किती आठवले याची वर्गात तुलना करू नये. प्रत्येकाने आपल्याच मागील आकड्याशी स्पर्धा करावी. घरी आईवडिलांना लिहिता-वाचता येत नसले तरी त्यांनाही यात भाग घेता येतो. ‘आपल्या खिडकीत आज काय ठेवलेस?’ असे आईने स्वयंपाक करता करता विचारले, तरी मुलाची उजळणी होते आणि अभ्यासात घरच्यांचाही वाटा आहे असे त्याला वाटते.

आपले डोके चालत नाही असे समजून मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलाच्या दृष्टीने आठ ग्रहांची नावे ओळीने आणि मग उलट क्रमाने सांगता येणे ही लहान गोष्ट नाही. त्या दिवशी त्याला कळते की लक्षात ठेवणे ही देणगी नसून शिकता येणारी रीत आहे. पुढे समजून घेण्याचा अधिक कठीण रस्ता चालण्यास लागणारा धीर त्याला यातून मिळतो, आणि त्या रस्त्यावर त्याच्या सोबत चालणे हे शिक्षकाचे काम होय.